शेजारी राजांचे दप्तर : पां. स. पिसुर्लेकर आणि मराठ्यांचे परराष्ट्रकारण

१६५९ च्या ऑगस्टमध्ये गोव्याहून लिस्बनला एक पत्र रवाना झाले. शहाजीच्या एका मुलाने वसई आणि चौलच्या शेजारचा मुलूख घेतला आहे, भिवंडी, कल्याण आणि पनवेल इथे त्याने लढाऊ गलबते बांधायला काढली आहेत, तेव्हा ती समुद्रात उतरू देऊ नयेत असे आपल्या कप्तानाला बजावले आहे, असा त्यातला मजकूर. पत्र लिहिणाऱ्यांची धास्ती समजण्यासारखी होती. कल्याणच्या खाडीतून निघालेले गलबत वसईच्या अंगाने जावो की ठाण्याच्या, वाट पोर्तुगीज तोफांखालूनच जायची. ठाणे १७३७ पर्यंत पोर्तुगीजांकडे होते. बदलापूर-अंबरनाथहून सुटणारी आजची लोकल कल्याण मागे टाकून ठाण्याला पोहोचते, तेव्हा ती सतराव्या शतकातल्या दोन राज्यांची हद्द ओलांडत असते. डब्यातल्या गर्दीत हे कोणाच्या लक्षात येत नाही, यात नवल नाही.

ही गलबते बांधण्याच्या कामावर रुई लैतांव व्हियेगश या पोर्तुगीजाच्या हाताखालची माणसे होती, बायकामुले धरून ३४० च्या घरात. गलबते जंजिऱ्याच्या सिद्दीवर जाणार असे सांगितले जात होते. उद्या तीच आपल्यावर येतील हे वसईच्या कप्तानाने ओळखले, व्हियेगशला वळवले, आणि ही सगळी मंडळी काम अर्धवट सोडून निघून गेली. शिवाजी महाराजांच्या आरमाराच्या प्रारंभाची ही हकीकत आज शाळकरी मुलालाही थोडीफार ठाऊक असते. ती कोणत्या कागदातून आली आणि तो कागद कोणी वाचला, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते. हे कागद ज्यांनी आपल्यापुढे आणले, त्यांत पहिले नाव डॉ. पांडुरंग सखाराम पिसुर्लेकर यांचे. हे पुस्तक त्यांच्याविषयी आहे.

पिसुर्लेकरांचा जन्म ३० मे १८९४ चा, गोव्यातल्या सत्तरी महालातील पिसुर्ले गावचा. आधी मराठी शाळा, मग पोर्तुगीज शिक्षण, मग शिक्षकी. इतिहासाचे रीतसर विद्यापीठीय शिक्षण त्यांच्या वाट्याला आले नाही आणि त्यांचे त्यावाचून काही अडलेही नाही. १९३१ मध्ये गोव्याच्या ऐतिहासिक दप्तरखान्याची सूत्रे त्यांच्याकडे आली, ती १९६१ पर्यंत राहिली. या दप्तरखान्याची परंपरा १५९५ पासूनची. दियोगु द कोउतु या इतिहासकाराला पोर्तुगालच्या राजाने गोव्यातले कागद राखण्याच्या कामावर नेमले, तिथून ती सुरू होते. त्यात दरवर्षी पावसाळी वाऱ्यांच्या हंगामात लिस्बनहून येणाऱ्या आणि लिस्बनला जाणाऱ्या पत्रव्यवहाराचे शेकडो बाड आहेत. १७७७ मध्ये साठहून अधिक बाड लिस्बनला नेले गेले, तरी एवढे उरले. राज्य सल्लागार मंडळाच्या ठरावांच्या वह्या आहेत, परवान्यांच्या नोंदी आहेत, किल्ल्यांचे हिशेब आहेत. आणि एक स्वतंत्र मालिका आहे ती शेजारी राजांशी झालेल्या पत्रव्यवहाराची. आदिलशहा, मोगल, सोंध्याचा राजा, सावंतवाडीचे भोसले, छत्रपती, पेशवे हे सगळे तिथे एकाच रांगेत बसतात. परराष्ट्र व्यवहाराच्या इतिहासाला लागणारा कच्चा माल म्हणतात तो हाच.

या विषयाची ओळख करून देताना सुरुवात सहसा कौटिल्याच्या मंडल सिद्धांतापासून होते आणि उडी थेट पंडित नेहरूंवर पडते. मधली दोन हजार वर्षे बहुधा आपल्याला शेजारीच नव्हते! स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत तर ही उडी हमखास असते. उल्हासनगर ते बदलापूर पट्ट्यातल्या अभ्यासिकांमध्ये लोकसेवा आयोगाच्या सामान्य अध्ययनाच्या दुसऱ्या पेपरसाठी 'आंतरराष्ट्रीय संबंध' घोकणारी मुले मोठ्या संख्येने दिसतात. त्यांच्या टिपणांत करार असतात, परिषदा असतात, शिखर भेटी असतात. करार झाला त्या दिवशी कोण कोणाला घाबरत होते, हे नसते. ते इतिहासात सापडते.

युरोपात या अभ्यासाची पहिली रीत दप्तरी. एकोणिसाव्या शतकात लिओपोल्ड फॉन रांके याने व्हेनिसच्या वकिलांचे अहवाल वाचून राज्याराज्यांमधल्या व्यवहाराचा इतिहास लिहिला आणि सरकारी कागद हाच पुरावा ही शिस्त घालून दिली. पहिल्या महायुद्धाच्या संहारानंतर, १९१९ मध्ये, वेल्समधल्या ॲबरिस्टविथ इथे आंतरराष्ट्रीय राजकारणाचे पहिले अध्यासन निघाले. पुढे त्याच अध्यासनावर बसलेल्या ई. एच. कार यांनी १९३९ मध्ये, दुसऱ्या युद्धाच्या तोंडावर, सदिच्छांवर उभ्या राहिलेल्या परराष्ट्र धोरणाची झाडाझडती घेतली. फ्रान्समध्ये पिएर रनुवँ यांनी वकिलांच्या पत्रांमागे असलेली लोकसंख्या, पैसा आणि लोकभावना यांची ओढ दाखवायला सुरुवात केली. हर्बर्ट बटरफील्ड आणि मार्टिन वाइट यांनी सत्तांच्या परस्पर व्यवहाराचे अलिखित नियम शोधले. अलीकडे संजय सुब्रह्मण्यम यांच्यासारख्यांनी गोवा, लिस्बन, दिल्ली आणि इस्तंबूल एकाच कथेत गुंफली. या सगळ्या वळणांची नावे नवख्याने पाठ करण्याचे कारण नाही. लक्षात ठेवायचे ते इतकेच की, प्रत्येक वळणावर 'इतिहास घडवतो कोण' या प्रश्नाचे उत्तर बदलत गेले आहे. आधी राजा, मग मुत्सद्दी, मग समाज, आणि आता मधला माणूस.

मराठीत हा प्रवास वेगळ्या क्रमाने झाला. आपल्याकडे परराष्ट्र व्यवहारावरचा विचार आधीच लिहिलेला होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांवर, म्हणजे युरोपीयांवर, आख्खे प्रकरण आहे. हे सावकार दिसतात, पण यांच्यामागे राज्ये आहेत, यांना किनाऱ्यावर पक्की जागा देऊ नये, हा त्यातला इशारा अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातला. पुढे इतिहास संशोधनाचे युग आले ते राजवाड्यांचे. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला, १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. वासुदेवशास्त्री खरे, पारसनीस, सरदेसाई यांनी दप्तरे उकलली. हिंगण्यांसारख्या पेशव्यांच्या दिल्लीतल्या वकिलांची पत्रे छापली गेली, तेव्हा मराठी मुत्सद्देगिरीचा रोजचा संसार प्रथम नजरेस पडला : हुंड्या वेळेवर येत नाहीत, बातमी शिळी होते, दरबारात मान मिळतो पण पैसा मिळत नाही.

तरीही ही सगळी एका बाजूची पत्रे होती. समोरच्याने आपल्याविषयी काय लिहिले हे कळायला इंग्रजी कागदांची मदत झाली. शिवकालीन इंग्रजी पत्रे पुण्यातून १९३१ मध्ये प्रसिद्ध झाली. सुरेंद्रनाथ सेन यांनी परकीयांनी लिहिलेली शिवचरित्रे १९२७ मध्ये इंग्रजीत आणली. पण इंग्रज हा सतराव्या शतकात वखारीतला व्यापारी होता. मराठ्यांच्या सीमेला सीमा लावून बसलेली, किल्ले आणि आरमार बाळगणारी युरोपीय सत्ता होती पोर्तुगीजांची. ते दप्तर उघडायला पोर्तुगीज यायला हवी होती, मोडी आणि मराठी यायला हवी होती, आणि पणजीत ठाण मांडून बसण्याचा चिवटपणा हवा होता. पिसुर्लेकरांकडे तिन्ही गोष्टी होत्या.

त्यांच्या आधी गोव्यात काम झाले नव्हते असे नाही. कुन्य रिवारा यांनी एकोणिसाव्या शतकात दप्तरातले कागद छापले होते, बिकर यांनी तहांचे चौदा खंड काढले होते, जर्सन द कुन्य यांनी १८७६ मध्ये चौल-वसईवर लिहिले होते. या मंडळींच्या लेखनात केंद्रस्थानी पोर्तुगीज आहेत आणि मराठे हे त्यांच्यावर कोसळलेले संकट आहे. पिसुर्लेकरांनी तेच कागद घेतले आणि खुर्ची फिरवली. 'पोर्तुगेज आणि मराठे' ही त्यांची लेखमाला १९२६ पासून पणजीच्या वास्को द गामा इन्स्टिट्यूटच्या नियतकालिकात येऊ लागली. तिच्यात शिवाजी, संभाजी, राजाराम, शाहू आणि पुढचे पेशवे हे एका राज्याचे कारभारी म्हणून दिसतात. ते तह करतात, मोडतात, वकील पाठवतात, नुकसानभरपाई मागतात.

एक उदाहरण १६६७ चे. नोव्हेंबरात मराठ्यांनी बारदेशवर स्वारी केली आणि डिसेंबरात तह झाला. गोव्याकडून रामजी शेणवी कोठारी महाराजांकडे बोलणी करत होता. त्याच वर्षी व्हाइसरॉय काँद द साव व्हिसेंत लिस्बनला लिहितो की हा शिवाजी चपळाई आणि युद्धशहाणपणात सीझर आणि अलेक्झांडर यांच्या तोडीचा आहे. शत्रूच्या खासगी अहवालातली ही पावती शंभर स्तुतिकवनांपेक्षा मोलाची, हे खरेच. पण पिसुर्लेकरांची नजर स्तुतीपेक्षा तहाच्या कलमांवर जास्त रेंगाळते. बंदी कोणी सोडायचे, पळून आलेल्या देसायांचे काय करायचे, व्यापाऱ्यांना वाट कशी द्यायची, हे ते पाहतात. कलमे कंटाळवाणी वाटतात, पण राज्य चालते ते त्यांवर.

त्याहून जुना एक कागद ठाणे जिल्ह्याच्या अगदी जवळचा आहे. १६३६ मध्ये निजामशाही बुडत होती, शहाजीराजे माहुलीच्या गडावर अडकले होते. त्यांनी पोर्तुगीजांकडे चौलला आश्रय मागितला. गोव्याच्या सल्लागार मंडळात यावर खल झाला आणि मोगलांचा रोष ओढवू नये म्हणून चौलला जागा नाकारण्यात आली. आसनगाव स्टेशनावरून दिसणाऱ्या माहुलीच्या सुळक्यांकडे पाहताना गडावरची उपासमार आठवते, पण तेव्हाचा निर्णय पणजीजवळच्या एका बैठकीतही होत होता हे ठरावांच्या वहीवाचून कळले नसते. १६१८ ते १७५० पर्यंतचे हे ठराव पिसुर्लेकरांनी १९५३ ते १९५७ या काळात पाच खंडांत संपादित केले. त्यांचे सर्वांत टिकाऊ काम कोणते असे विचारले, तर प्रस्तुत लेखकाच्या मते हे. ठरावांत एकमत क्वचितच असते. कोणी म्हणतो लढू, कोणी म्हणतो पैसे देऊन वेळ काढू, कोणी म्हणतो तिजोरीत काय आहे ते आधी सांगा. 'पोर्तुगीज' नावाचा एकसंध शत्रू तिथे विरघळून जातो.

सर्वांत रसाळ पुस्तक मात्र वेगळे. १९५२ मध्ये बस्तोड्याच्या रांजेल छापखान्यातून त्यांचे पोर्तुगीज मुत्सद्देगिरीच्या हिंदी हस्तकांवरचे पुस्तक निघाले. हिंदू, मुसलमान, ज्यू आणि पारशी अशा दुभाषांची, वकिलांची, दलालांची ती चरित्रमाला आहे. जो पोर्तुगीज दरबार हिंदूंच्या देवळांवर आणि विवाहविधींवर बंद्या घालत होता, तोच आपली नाजूक बोलणी शेणव्यांच्या हाती सोपवत होता. ही विसंगती पिसुर्लेकर ओरडून सांगत नाहीत. ते फक्त नेमणुकीचा हुकूम, पगाराची नोंद आणि पत्र पुढे ठेवतात. समोरच्या बाजूलाही तशीच माणसे होती. गोव्यातला मराठ्यांचा वकील पीतांबर शेणवी आणि पोर्तुगीजांचा वकील शेणवी, असा सामना बऱ्याचदा रंगे. दोघांची बोली एक, पंगत एक, मालक मात्र वेगळे.

या माणसांच्या कारभाराला विसाव्या शतकात काय किंमत आली ते पाहण्यासारखे आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात नारायण विठ्ठल धुमे हा पुण्याच्या दरबारात पोर्तुगीजांचा वकील होता. १७७९ च्या तहाने आणि १७८३ व १७८५ च्या सनदांनी पेशव्यांनी पोर्तुगीजांना दमणजवळच्या नगर हवेलीतल्या गावांचा महसूल दिला. १९५४ मध्ये दादरा-नगर हवेली मुक्त झाली, त्या लढ्यात सुधीर फडके यांच्यासारखे कलावंतही उतरले होते. मग पोर्तुगाल १९५५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. तिथे पेशव्यांच्या सनदांचा कीस पडला : दिले ते सार्वभौमत्व, की नुसता सरंजाम? १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने मराठ्यांचा हेतू सार्वभौमत्व देण्याचा नव्हता असे मानले. पुढे इंग्रजांनी आणि नंतर भारताने पोर्तुगीजांचा ताबा मान्य केला, या आधारावर नागरिक, मुलकी अधिकारी आणि माल यांच्या ये-जा करण्याचा हक्क पोर्तुगालला होता असे म्हटले. सैन्य आणि शस्त्रे यांचा हक्क मात्र नाकारला, आणि भारताने कोणतेही कर्तव्य मोडलेले नाही असा निर्वाळा दिला. मराठी दरबारातल्या एका सनदेची भाषा पावणेदोनशे वर्षांनी जगातल्या सर्वोच्च न्यायासनासमोर तपासली गेली. जुने कागद वाचून काय मिळते, असे विचारणाऱ्याला हा खटला दाखवावा.

पिसुर्लेकरांच्या मर्यादाही या पुस्तकाने झाकलेल्या नाहीत. ते सालाझारच्या राजवटीत सरकारी नोकर होते. वृत्तपत्रांवर सेन्सॉर होता, गोवा मुक्तीचे बोलणारे तुरुंगात जात होते, आणि हे गृहस्थ पोर्तुगीज भाषेत, पोर्तुगीज विद्वत्सभांच्या मान्यतेने लिहीत होते. काहींनी त्यांना याबद्दल बोल लावला. दुसरीकडे, शिवाजी हा विरारच्या दों मानुएल द मेनेझिश या पोर्तुगीज सरदाराचा मुलगा असल्याची, कोस्मे द गार्दाच्या १७३० च्या चरित्रातून पसरलेली कंडी त्यांनी त्याच राजवटीत राहून खोडून काढली. त्यांच्या लेखनात निष्कर्ष कमी आणि कागद जास्त. ही शिस्त होती की सावधगिरी? बहुधा दोन्ही, आणि दोघींना वेगळे करणे आज शक्य नाही. पण त्यामुळे एक उणीव राहिली हे मान्य करावे लागते. पुरावा हाती असतानाही ते व्यापक विधान करायचे टाळतात. मराठा राज्याला समुद्राचे धोरण होते का, की प्रसंगानुरूप हालचाली होत्या, या प्रश्नावर त्यांच्याकडून आणखी ऐकायला आवडले असते.

दुसरी मर्यादा दप्तराचीच आहे. १६८३ च्या नोव्हेंबरात संभाजी महाराजांनी जुवे बेट घेतले, गोवा शहर हातचे जाण्याच्या बेतात होते, आणि व्हाइसरॉयने आपला राजदंड सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीपाशी ठेवून धावा केला. पोर्तुगीज बखरकारांच्या मते मराठे परतले ते त्या कृपेने. मोगली कागद उघडले की शहाआलमची फौज त्याच सुमारास रामघाटाने कोकणात उतरत असल्याचे दिसते. एका दप्तरावर विसंबणाऱ्याला चमत्कार दिसतो, दोन दप्तरे वाचणाऱ्याला फौजेची हालचाल दिसते. वा. सी. बेंद्रे, कमल गोखले आणि पुढे गजानन मेहेंदळे यांनी पोर्तुगीज साधनांना फारसी आणि इंग्रजी साधनांशेजारी ठेवून हेच केले. चार्ल्स बॉक्सर यांच्यासारख्या इंग्रज विद्वानाने १९५२ मध्ये गोव्याच्या दप्तरखान्यावर लिहिले, तेव्हा त्या दप्तराची कीर्ती युरोपातही पोहोचली होती. तेओतोनियु द सोझा यांनी १९७९ मध्ये त्याच कागदांतून राजे बाजूला सारून गोव्यातली गावे आणि शेतकरी शोधले. पिसुर्लेकरांनी मांडलेल्या फडताळातून प्रत्येकाने आपल्या गरजेचे काढले.

हे पुस्तक उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या वाचकाला समोर ठेवून लिहिले गेले आहे, आणि ते केवळ कल्याणच्या खाडीपायी नाही. अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे १०६० चा, शिलाहार मामवाणीचा. त्या शिलाहारांच्या बंदरांत अरब व्यापारी राबता ठेवून होते. मलंगगडाला १७८० मध्ये इंग्रज कप्तान ॲबिंग्टनने वेढा घातला, तो पहिल्या इंग्रज-मराठे युद्धाचा भाग होता. आणि उल्हासनगर तर उभेच आहे आंतरराष्ट्रीय घडामोडींवर. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावण्यांच्या बराकींत फाळणीनंतर सिंधहून आलेली कुटुंबे उतरली, ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसली, आणि कॅम्प एक ते पाच हे पत्ते आजही चालू आहेत. सिंधमधल्या हैदराबादचे सिंधवर्की व्यापारी फाळणीच्या कितीतरी आधीपासून कोबे ते पनामा पेढ्या चालवत होते, शिकारपूरचे सराफ बुखाऱ्यापर्यंत हुंड्या फिरवत होते. सीमेच्या दोन्ही बाजूंना ओळख असलेला, भाषा जाणणारा आणि विश्वासावर काम करणारा हा माणूस पिसुर्लेकरांच्या १९५२ च्या पुस्तकातल्या माणसांचा सख्खा नातेवाईक वाटतो. त्याच्यावर मराठीत अजून फार थोडे लिहिले गेले आहे.

पुढील पानांत चरित्र आहे, पण जन्मापासून मृत्यूपर्यंत सरळ चालणारे नाही. कागदांमागून माणूस आणि माणसामागून कागद असा त्याचा क्रम आहे. पिसुर्लेकरांचे लेखन आज तीन भाषांत विखुरले आहे. मूळ पोर्तुगीज लेख, १९६७ मध्ये पुणे विद्यापीठाने काढलेले 'पोर्तुगेज-मराठे संबंध', आणि १९७५ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केलेले प. रा. काकोडकर यांचे इंग्रजी भाषांतर. त्यांचा व्यक्तिगत ग्रंथसंग्रह गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. ज्याला पोर्तुगीज येत नाही त्याने १९६७ च्या मराठी ग्रंथापासून सुरुवात करावी. तो जाड आहे, पण शब्द सोपे आहेत.

वाचताना तारखांकडे थोडे लक्ष द्यावे लागेल. पोर्तुगीज १५८२ पासून नवे पंचांग पाळत होते, मुंबई-सुरतेचे इंग्रज जुनेच वापरत होते, त्यामुळे सतराव्या शतकात दोघांच्या तारखांत दहा दिवसांचा फरक पडतो. मराठी पत्रांत शक किंवा सुहूर सन येतो. एकच तह तीन दप्तरांत तीन वेगवेगळ्या दिवशी झालेला दिसला, तर तो छापखान्याचा दोष समजू नये. पोर्तुगीज कागदांतल्या तारखा इथे जशाच्या तशा ठेवल्या आहेत, आणि इंग्रजी पत्राचा आधार घेतला आहे तिथे जुन्या पंचांगाची तारीख देऊन शेजारी नवी दिली आहे.